भाऊसाहेब बांदोडकर : मतदार, धर्म आणि पक्षनिष्ठा

दयानंद बाळकृष्ण बांदोडकर यांचा जन्म १२ मार्च १९११ रोजी गोव्यातील पेडणे येथे झाला. त्यापूर्वी पाच महिने, ५ ऑक्टोबर १९१० रोजी, लिस्बनमध्ये राजेशाही कोसळून प्रजासत्ताक स्थापन झाले होते. आणि या बालकाच्या जन्मानंतर सहा आठवड्यांच्या आत, २० एप्रिल १९११ रोजी, पोर्तुगालने चर्च आणि राज्यसत्ता यांची फारकत करणारा कायदा केला. गोव्यातील हिंदू प्रजेला ख्रिस्ती प्रजेच्या बरोबरीने नागरिक म्हणून उभे राहण्याची वाट या घटनांनी मोकळी झाली. परंतु ही मोकळीक फार काळ टिकली नाही. सालाझारच्या राजवटीत हिंदू आणि ख्रिस्ती या दोघांचेही राजकीय हक्क सारखेच शून्यवत झाले, आणि राज्यकर्ता निवडण्याचा प्रसंग गोव्याच्या सामान्य माणसावर दोन पिढ्यांत एकदाही आला नाही. पुढे भाऊसाहेब या नावाने घराघरांत पोहोचलेल्या या पुरुषाचे चरित्र वाचताना ही गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते. ज्यांच्या बापजाद्यांनी कधी मत दिले नव्हते अशा लोकांनी १९६३ च्या डिसेंबरात पहिल्यांदा मतपेटीत कागद टाकला, आणि त्या एका दिवसात ठरलेली पक्षनिष्ठा पुढे दीड दशक जवळजवळ जशीच्या तशी राहिली.

पेडणे हा महाल नव्या काबिजादींतला. तिसवाडी, बार्देश, साष्टी हे जुन्या काबिजादींचे प्रदेश सोळाव्या शतकातच पोर्तुगीजांच्या हाती गेले आणि तेथे धर्मांतराचा पहिला, कठोर पर्व घडला. नव्या काबिजादी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जिंकल्या गेल्या. तोवर धर्मांतराचा तो आवेश ओसरला होता. त्यामुळे पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा येथे देवळे राहिली, देवळांभोवतीची गावऱ्हाटी राहिली, आणि तिच्याबरोबर मानपानाची व अपमानाची जुनी उतरंडही राहिली. बांदोडकरांचा जन्म ज्या गोमंतक मराठा समाजात झाला, त्याचे पूर्वापार नाते देवळातील गायन-नर्तनाच्या सेवेशी होते. या समाजाने केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारखे स्वर हिंदुस्थानला दिले. पण गावात त्याला मिळणारी वागणूक त्या स्वरांच्या योग्यतेची नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी राजाराम पैंगीणकर यांच्यासारख्या सुधारकांनी या समाजात शिक्षणाची, विवाहसंस्थेची आणि स्वाभिमानाची चळवळ चालवली. बांदोडकर त्या चळवळीच्या छायेत वाढलेल्या पिढीतले. देवळाच्या मंडपात कोण कोठे बसतो हे ज्याने लहानपणी पाहिले, त्याला मोठेपणी विधानसभेत कोण कोठे बसतो याचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

त्यांच्या तरुणपणाविषयी चरित्रकाराला फार रेंगाळण्याजोगे साहित्य नाही. लहानसहान उद्योगांतून ते व्यापारात शिरले आणि खाणीच्या धंद्यात त्यांनी मोठे द्रव्य मिळवले. १९५० नंतर गोव्याच्या लोहखनिजाला जपानकडून प्रचंड मागणी आली आणि काही थोड्या घराण्यांच्या हाती अवघ्या दहा वर्षांत अमाप पैसा आला. बांदोडकर हे त्या खाणमालकांपैकी एक. परंतु बाकीच्यांहून त्यांची एक गोष्ट वेगळी होती. त्यांच्या दाराशी गेलेला माणूस रिकाम्या हाताने परतत नाही, अशी त्यांची ख्याती राजकारणात येण्यापूर्वीच झालेली होती. शाळांना, देवळांना, विद्यार्थ्यांना, अडल्यानडलेल्यांना त्यांनी दिलेल्या साह्याच्या कथा बहुजन समाजात तोंडोतोंडी पसरल्या. शिकारीची हौस, खेळांची आवड, मोकळा हात आणि तापट स्वभाव असा हा माणूस होता. कुळांचा आणि मजुरांचा पुढारी एक खाणमालक व्हावा, यात विसंगती आहेच. ती विसंगती त्यांच्या विरोधकांना दिसे, अनुयायांना दिसत नसे. आणि ती का दिसत नसे, याचे उत्तर त्यांच्या सामाजिक पूर्वेतिहासात आहे. आपल्यातलाच एक माणूस भाटकारापेक्षा मोठा झाला, ही भावना त्या काळच्या कुळाला अर्थशास्त्रापेक्षा अधिक कळत होती.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. वर्षभरात प्रश्न उभा राहिला तो प्रतिनिधित्वाचा. मुक्तिसंग्रामात काँग्रेसचे नाव मोठे होते, दिल्लीत तिचेच सरकार होते, आणि तिला आव्हान देईल असा पक्ष गोव्यात नव्हता. पण गोव्यातील काँग्रेस ज्यांच्या हातात होती ती मंडळी प्रामुख्याने उच्चवर्णीय, शिकलेली, जमीनजुमला असलेली होती. परकी सत्ता गेली तरी गावातली सत्ता त्याच घरांत राहणार, हा संशय बहुजन समाजाच्या मनात शिरला आणि तो निराधार नव्हता. या संशयातून १९६३ साली महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष निघाला. त्याचे नेतृत्व बांदोडकरांकडे आले, निशाणी सिंह ठरली, आणि मागणी एकच : गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण. ही मागणी वरवर भाषेची होती. गोव्यातील हिंदूंच्या घरात कोकणी बोलली जाई, तरी कीर्तन, भजन, पोथी, नाटक आणि खाजगी शाळा मराठीत चालत. मराठी ही त्यांच्या धर्मजीवनाची व अक्षरओळखीची भाषा होती. मागणीच्या पोटात मात्र सामाजिक हिशेब होता. मुंबईच्या मंत्रालयात बहुजन समाज सत्तेवर बसलेला होता. यशवंतराव चव्हाणांच्या महाराष्ट्रात सामील झाल्याने गावातल्या भाटकाराची पकड सुटेल, हे साधे गणित पेडण्याच्या किंवा सत्तरीच्या कुळाला उमगले होते.

दुसऱ्या बाजूला युनायटेड गोवन्स पक्ष उभा राहिला, डॉ. जॅक सिक्वेरा त्याचे पुढारी. गोव्याचे वेगळे अस्तित्व राखणे हा त्याचा कार्यक्रम. कॅथलिक समाजाची संख्या गोव्यात एकतृतीयांशाहून थोडी अधिक होती, आणि विशाल महाराष्ट्रात आपण मूठभर ठरू ही त्याची धास्ती समजण्यासारखी होती. अशा रीतीने मगो आणि युगो ही दोन अक्षरी नावे रूढ झाली, आणि त्यांच्यामागे देऊळ आणि इगर्जी यांच्या सावल्या आपोआप उभ्या राहिल्या.

९ डिसेंबर १९६३ च्या निवडणुकीचा निकाल आजही थक्क करतो. तीस जागांच्या सभागृहात गोव्याच्या वाट्याला २८ जागा होत्या. दमण आणि दीव यांना एकेक. गोव्याच्या २८ जागांपैकी मगोने १४, त्याच्याशी सहकार्य करणाऱ्या प्रजासमाजवादी पक्षाने २ आणि युगोने १२ जिंकल्या. काँग्रेसला गोव्यात एकही जागा मिळाली नाही. तिची एकमेव जागा दमणमधून आली. ज्या पक्षाच्या सरकारने गोवा मुक्त केला, त्याला दोन वर्षांच्या आत गोव्याच्या मतदाराने दाराबाहेर उभे केले. त्याच वेळच्या लोकसभेच्या निवडणुकीत उत्तरेच्या मतदारसंघातून प्रजासमाजवादी पक्षाचे पीटर आल्वारिस मगोच्या पाठिंब्याने निवडून आले. आल्वारिस हे कॅथलिक होते आणि विलीनीकरणवादी होते. नव्या काबिजादींतल्या हिंदू कुळांनी त्यांना मते दिली. मगोला केवळ हिंदूंचा पक्ष म्हणणाऱ्यांना हा एक निकाल अडचणीचा ठरतो, आणि बांदोडकरांच्या पहिल्या तीनजणांच्या मंत्रिमंडळात विठ्ठल करमली यांच्या जोडीला टोनी फर्नांडिस होते, हेही. तथापि अपवादांवरून नियम बदलत नाही. मतदारसंघांचा नकाशा आणि धर्मांचा नकाशा एकमेकांवर ठेवले तर ते बहुतांशी जुळत होते.

मतदार पक्षाशी का बांधला जातो, या प्रश्नाचा अमेरिकेत त्याच सुमारास मोठा अभ्यास झालेला होता. मिशिगन विद्यापीठातील चार संशोधकांनी १९६० साली अमेरिकन मतदारावर एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. माणसाचा पक्ष हा बहुधा त्याच्या धर्मासारखाच घरातून मिळतो, लहानपणी मनात रुजतो आणि धोरणांविषयीची मते पुढे त्या निष्ठेला अनुसरून घडतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी जॉन केनेडी हे अमेरिकेचे पहिले कॅथलिक अध्यक्ष निवडून आले. देशातील कॅथलिकांपैकी जवळजवळ चारपंचमांश मते त्यांना पडली, प्रॉटेस्टंटांची बहुसंख्या निक्सनकडे गेली, आणि पावणेसात कोटींहून अधिक मतांत केनेडींचे आधिक्य सव्वा लाखाहूनही कमी राहिले. ह्यूस्टन येथे प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकांसमोर उभे राहून आपला धर्म आपल्या राज्यकारभारात येणार नाही, अशी ग्वाही त्यांना द्यावी लागली होती. केनेडींची हत्या २२ नोव्हेंबर १९६३ रोजी झाली. त्यानंतर चार आठवड्यांनी, २० डिसेंबर रोजी, बांदोडकरांनी गोव्याचे पहिले मुख्यमंत्री म्हणून शपथ घेतली. हा केवळ दिनदर्शिकेचा योगायोग. पण दोन्ही प्रसंगांतला एक फरक बोधक आहे. अमेरिकेत पक्षनिष्ठा बापाकडून मुलाकडे येत होती. गोव्यात मुलाला देण्यासाठी बापाजवळ ती नव्हतीच. तेव्हा घरातून जे मिळण्यासारखे होते, म्हणजे देव, जात, जमिनीशी असलेले नाते, त्याच साच्यात पक्षनिष्ठा ओतली गेली. आणि साचा शतकानुशतकांचा असल्यामुळे ती पहिल्या दिवसापासून जुनी वाटू लागली.

मुख्यमंत्री झाले तेव्हा बांदोडकर विधानसभेचे सदस्य नव्हते. त्यांनी सार्वत्रिक निवडणूक लढवलीच नव्हती; नंतर मडकई मतदारसंघातून पोटनिवडणुकीने ते सभागृहात आले. शिक्षण मर्यादित, इंग्रजी वा पोर्तुगीज वक्तृत्वाचा डौल नाही, प्रशासनाचा अनुभव नाही. समोर विरोधी बाकावर सिक्वेरांसारखा जाणता, हजरजबाबी प्रतिस्पर्धी. पणजीच्या सुशिक्षित वर्तुळांत या मुख्यमंत्र्याविषयी कुजबुजीने हसू पसरे. ते हसू बांदोडकरांच्या मतदाराला ऐकू जाई आणि त्याची निष्ठा आणखी घट्ट होई. १९६४ च्या कुळकायद्याने कुळाला संरक्षण मिळाले आणि खंडाची कमाल मर्यादा उत्पन्नाच्या षष्ठांशावर आणली गेली. ज्या खेड्यांना पोर्तुगीज अमदानीत शाळा माहीत नव्हती तेथे सरकारी प्राथमिक शाळा उघडल्या. त्यांपैकी बहुसंख्य मराठी माध्यमाच्या. पुढे १९७१ साली मुंडकारांना घरातून हुसकावण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. भाटकाराच्या जागेत झोपडी बांधून पिढ्यान्पिढ्या त्याच्या मर्जीवर राहणारा तो मुंडकार.

येथे एक गोष्ट थांबून पाहण्यासारखी आहे. कुळ आणि मुंडकार हिंदूही होते आणि कॅथलिकही होते. भाटकारही दोन्ही धर्मांचे होते. बांदोडकरांच्या कायद्यांनी साष्टीतल्या कॅथलिक कुळाला तेच दिले जे फोंड्यातल्या हिंदू कुळाला दिले. तरीही साष्टीची मते युगोकडेच जात राहिली. हिताचा हिशेब निष्ठा ठरवतो असे मानणाऱ्यांना याचे उत्तर द्यावे लागते. ज्या माणसाने शेत वाचवले, तोच आपला वेगळेपणा बुडवायला निघाला आहे अशी ज्याची खात्री होती, त्याने शेताबद्दल मनातल्या मनात आभार मानले असतील. मत मात्र दिले नाही. हिंदू कुळाच्या बाबतीत हित आणि ओळख या दोन्ही गोष्टी एकाच निशाणीवर येऊन मिळाल्या होत्या, म्हणून तेथे प्रश्नच पडला नाही.

विलीनीकरणाचा ठराव गोव्याच्या विधानसभेने २२ जानेवारी १९६५ रोजी संमत केला आणि त्याच वर्षी मार्चमध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने त्याला जोड दिली. पण हे प्रकरण पणजी आणि मुंबई यांच्यापुरते नव्हते. बंगळूरच्या विधानसौधातून म्हैसूर सरकार या हालचालींकडे बारीक नजरेने पाहत होते. कारवार गोव्याला लागून, कोकणी दोन्हीकडे बोलली जाते, आणि गोवा महाराष्ट्रात गेला तर बेळगाव-कारवारच्या वादात महाराष्ट्राचे पारडे जड होणार, हे मुख्यमंत्री निजलिंगप्पांना स्पष्ट दिसत होते. महाराष्ट्रातील विलीनीकरणाला त्यांच्या सरकारने ठाम विरोध केला. गोवा म्हैसूरलाच जोडावा, असाही पक्ष त्या बाजूने मांडला गेला. नेहरूंनी गोव्याच्या वेगळ्या व्यक्तिमत्त्वाला दिलेले आश्वासन दिल्लीच्या स्मरणात होते. नेहरू गेले, शास्त्री गेले, आणि निर्णय इंदिरा गांधींच्या सरकारकडे आला. गोव्यातील काँग्रेसचे पुरुषोत्तम काकोडकर हे हिंदू, मुक्तिसंग्रामातले, आणि विलीनीकरणाचे कट्टर विरोधक. लोकांना थेट विचारावे, हा आग्रह दिल्लीत धरणाऱ्यांत ते अग्रभागी होते. डिसेंबर १९६६ मध्ये संसदेने जनमत कौलाचा कायदा केला.

बांदोडकरांना हा मार्ग मनापासून आवडला असण्याची शक्यता कमी. विधानसभेतील बहुमताने प्रश्न सुटला असता. त्यांना ते बहुमत होते. पण लोकांचा कौल नको असे लोकांच्या पुढाऱ्याला म्हणता येत नव्हते. निःपक्षपाती कौलासाठी मंत्रिमंडळाने बाजूला व्हावे, ही विरोधकांची मागणी होती. डिसेंबरच्या आरंभी त्यांनी राजीनामा दिला आणि गोव्यात राष्ट्रपती राजवट आली. जिंकण्याची खात्री असलेल्या माणसाची ही कृती होती. त्या खात्रीचे कारण त्यांचा अनुभव : प्रत्येक सभेला लोटणारी गर्दी आणि १६ विरुद्ध १२ हा हिशेब.

मतपत्रिकेवर दोन चिन्हे होती. विलीनीकरणासाठी फूल, संघप्रदेश कायम ठेवण्यासाठी दोन पाने. सिंह नव्हता, आणि उमेदवाराच्या जागी बांदोडकरांचे नावही नव्हते. या बारीकशा फरकाचे महत्त्व तेव्हा फारसे कोणाच्या ध्यानात आले नाही. विलीनीकरणविरोधकांनी मात्र आपली भाषा बदलली. मडगावहून निघणाऱ्या राष्ट्रमत या मराठी दैनिकाने, चंद्रकांत केणी यांच्या संपादनाखाली, मराठी वाचणाऱ्या हिंदू मतदारापर्यंत मराठीतूनच विलीनीकरणाविरुद्धचा युक्तिवाद नेला. उदय भेंब्रे यांचे ब्रह्मास्त्र हे सदर त्यात गाजले. मनोहरराय सरदेसाय, उल्हास बुयांव यांच्यासारख्यांनी कोकणी गीतांचे कार्यक्रम गावोगाव नेले. प्रश्न धर्माचा राहू नये, घरातल्या बोलीचा व्हावा, ही त्यामागची योजना. त्याच्या जोडीला रोजच्या जगण्यातल्या शंका आल्या. महाराष्ट्रातून प्रतिनियुक्तीवर आलेले अधिकारी गोवेकरांशी ज्या रुबाबाने वागत त्याची आठवण होती. नोकऱ्या कोणाला मिळणार, ही काळजी होती. महाराष्ट्रात दारूबंदी होती आणि गोव्यात माडाच्या सुरेवर पोट भरणारे रेंदेर होते. पणजीचे सचिवालय जाऊन एक जिल्हा कचेरी उरेल, हे तर शिकलेल्या प्रत्येकाला कळत होते, मग तो देवळात जाणारा असो की इगर्जीत.

१६ जानेवारी १९६७, सोमवार. ३,८८,४३२ मतदारांपैकी ३,१७,६३३ जणांनी मत दिले. दोन पानांना १,७२,१९१ मते पडली, फुलाला १,३८,१७०. बांदोडकरांच्या आयुष्यातले एकमेव राजकीय ध्येय ३४,०२१ मतांनी हरले.

मतपेटी धर्म सांगत नाही. पण बेरीज-वजाबाकी काही सांगते. गोव्यातील हिंदूंचे प्रमाण सुमारे तीनपंचमांश होते आणि विलीनीकरणाला एकूण मतांपैकी त्रेचाळीस-चव्वेचाळीस टक्के मिळाली. म्हणजे हिंदू मतदारांचा एक मोठा भाग दोन पानांकडे गेला, याविषयी शंकेला जागा नाही. हे सारे मगोचे फुटीर मतदार होते असे मात्र समजू नये; ती एक सोयीची आख्यायिका आहे. १९६३ साली मगोला मिळालेली मते मुळात सुमारे चाळीस टक्केच होती. तिरंगी-चौरंगी लढतींत तेवढ्यावर जागांचे बहुमत झाले होते. काँग्रेसला वा अपक्षांना मते देऊन निष्फळ ठरलेला, सभागृहात ज्याचा आवाजच नव्हता असा हिंदू मतदार या दुहेरी निवडीत पहिल्यांदा मोजला गेला. १६ आणि १२ या आकड्यांनी तो झाकून टाकला होता, बांदोडकरांपासूनही. त्यांचा घात निष्ठावंतांनी केला नाही. जे त्यांचे कधीच नव्हते त्यांना ते आपले धरून चालले होते.

पराभवानंतर त्यांचे राजकारण संपले, असे अनेकांनी मानले. एका मागणीसाठी जन्मलेला पक्ष मागणी फेटाळली गेल्यावर कशासाठी जगणार, हा प्रश्न तर्कशुद्धच होता. सुमारे दहा आठवड्यांनी मार्च १९६७ मध्ये विधानसभेची निवडणूक झाली. मगोला १६ जागा, युगोला १२. जणू मधल्या काळात काही घडलेच नव्हते. मगोची मते पुन्हा सुमारे चाळीस टक्के. युगोची त्याच्या किंचित खाली. ५ एप्रिल रोजी बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. पक्षाच्या नावातला महाराष्ट्रवाद निकालात निघाला होता आणि पक्ष जिवंत होता. मतदाराने त्या मागणीला मत दिले होते की त्या मागणीआडून व्यक्त होणाऱ्या दुसऱ्याच कशाला, याचा उलगडा त्या मार्चमध्ये झाला. मडकईच्या कुळाला मुंबई दूर होती आणि भाटकाराचे घर जवळ. विलीनीकरण झाले नाही तरी भाटकार होताच, आणि त्याच्यासमोर उभा राहणारा भाऊही होता.

अमेरिकेच्या इतिहासात याला जवळचे एक उदाहरण आहे. १९२८ साली डेमोक्रॅटिक पक्षाने आल्फ्रेड स्मिथ या कॅथलिक उमेदवाराला अध्यक्षपदासाठी उभे केले. यादवी युद्धानंतर पिढ्यान्पिढ्या त्या पक्षाला चिकटून राहिलेल्या दक्षिणेतील व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलायना, टेनेसी, फ्लॉरिडा आणि टेक्सस या राज्यांनी प्रॉटेस्टंट हूव्हरना मते दिली. चार वर्षांनी मंदीच्या काळात तीच राज्ये रूझवेल्टबरोबर निमूटपणे स्वपक्षात परतली. त्या एका वर्षी तेथे धर्माने पक्षावर मात केली. पण पक्ष मोडला नाही. गोव्यात १९६७ च्या जानेवारीत पक्षाचे निशाणच मतपत्रिकेवर नव्हते, आणि मार्चमध्ये ते परत येताच सगळे आपापल्या जागी जाऊन बसले. योगायोगाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाजन आयोगाचा अहवाल आला आणि बेळगाव म्हैसूरकडेच ठेवण्याची शिफारस झाली. एकाच वर्षात मराठीच्या दोन मागण्या मागे पडल्या. गोव्याची मागणी लोकांना विचारून फेटाळली गेली, आणि तिची जखम लवकर भरली. बेळगावला लोकांना कोणी विचारले नाही. तेथील मराठी मतदार पुढे अनेक निवडणुका एकीकरण समितीच्या मागे उभा राहत आला.

बांदोडकरांच्या उत्तरकाळात विलीनीकरणाचा घोष मंदावला. त्यांनी ते ध्येय सोडल्याचे कधी जाहीर केले नाही, आणि त्याच्यासाठी पुन्हा रणही माजवले नाही. रस्ते, वीज, शाळा, कला अकादमी यांत ते रमले. १९७० साली त्यांच्या नावाने सुरू झालेली फुटबॉलची सुवर्ण ढालस्पर्धा ज्या साष्टीने त्यांना कधी मत दिले नाही त्या साष्टीतही चवीने पाहिली गेली. दोष नव्हते असे नाही. पक्षाला संघटना अशी त्यांनी उभी केलीच नाही. निर्णय त्यांच्या दिवाणखान्यात होत, तिकिटे त्यांच्या मर्जीने मिळत, आणि मतभेद त्यांना कृतघ्नतेसारखा वाटे. १९७० साली के. बी. नाईक यांच्या पुढाकाराने सात आमदार बाहेर पडले आणि सरकार डळमळले. ते वाचले युगोच्या काही सदस्यांच्या पाठिंब्यामुळे. देऊळ आणि इगर्जी यांच्या सावल्यांत वाढलेले दोन पक्ष सत्तेच्या पेचात एकमेकांच्या बाकांवर सहज जाऊन बसू शकतात, हे त्या वर्षी दिसले. मतदाराची निष्ठा जेवढी अढळ तेवढी प्रतिनिधीची नव्हती. आमदार गेले तरी मते त्यांच्याबरोबर गेली नाहीत. १९७२ च्या निवडणुकीत मगोला १८ जागा मिळाल्या, युगोला १०. बांदोडकरांच्या हयातीतले ते सर्वांत मोठे यश होते, आणि विलीनीकरण हा त्या निवडणुकीचा मुद्दा उरलेला नव्हता.

१२ ऑगस्ट १९७३ रोजी, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, मुख्यमंत्रिपदावर असतानाच भाऊसाहेबांचे निधन झाले. मांडवी जेथे समुद्राला मिळते तेथे मिरामारच्या वाळूवर त्यांची समाधी आहे. पणजीहून नदीच्या काठाने तिकडे जाणारा रस्ता त्यांच्या नावाचा आहे. त्यांच्यानंतर त्यांची कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. जून १९७७ मध्ये, भाऊसाहेबांच्या पश्चात झालेल्या पहिल्या निवडणुकीपर्यंत, युनायटेड गोवन्स हा पक्ष उरला नव्हता. सिंहाच्या निशाणीवर त्या वेळी तीसपैकी १५ आमदार निवडून आले.